लोडशेठची खोळ

सोफे बांधणाऱ्या त्या कारागिराला सगळी गल्ली लोडशेठ म्हणायची. अंगाने होताच तसा, लोडासारखा गुबगुबीत. पुढे गुडघे बोंबलायला लागले, तेव्हा त्याने तोंड आवरलं, चरबी उतरवली. पण पोटाची कातडी काही मागे हटेना. फोम काढलेल्या खोळीसारखी पट्ट्यावरून लोंबायची, वाकून खिळे ठोकताना घासायची, घामाने चिघळायची.

"कापूनच टाकतो," तो म्हणाला.

"कापा. जिभेचंही बघा जमलं तर," बायको म्हणाली, आणि त्याच्याबरोबर सर्जनबाईंकडे गेली.

तिथे लोडशेठने शर्ट वर केला आणि थेट कामच सांगितलं. "बाई, जादा कापड काढा, ताणून ओढा, टाके मारा. सुरकुती दिसता कामा नये."

"सोफ्याला श्वास घ्यावा लागत नाही हो. फार ताणलं तर तुम्हाला धाप लागेल," बाई म्हणाल्या. मग त्यांनी बाकीचं समजावलं. या कुशीपासून त्या कुशीपर्यंत व्रण राहणार. आत पाणी साठू नये म्हणून नळ्या. पोट बधिर होईल, कदाचित कायमचं. "क्वचित पायात रक्ताची गुठळी होते. ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. सिगारेट ओढता?"

"छे! वाससुद्धा सहन होत नाही."

गिऱ्हाइकं त्याला असंच खोटं सांगायची, सोफ्यावर पोरं कधी नाचलीच नाहीत म्हणून. तुटलेली स्प्रिंग बघून तो गालात हसायचा. आता बायको छताकडे बघत होती.

"बरंय. ओढणाऱ्यांच्या कातडीला रक्त पुरत नाही. टाक्यांची कड काळी पडून मरते, जखम उघडी राहते."

लोडशेठचा शर्ट आपोआप खाली आला. "काळी म्हणजे... किती?"

"आरशात दात बघा," बायको म्हणाली.

बाईंचं पेन थांबलं.

"दिवसाला एक पाकीट," तो पुटपुटला.

"दोन," बायको म्हणाली.

"मग ऑपरेशन आत्ता नाही. आधी पूर्ण सोडा. मी तपासून बघेन, मगच बोलू."

जिना उतरताना तो फुरफुरला, "तू गप्प बसली असतीस तर पुढच्या आठवड्यात काम झालं असतं!"

"काम तमाम झालं असतं."

कोपऱ्यावरच्या कचरापेटीत त्याने पाकीट भिरकावलं, थोडा पुढे गेला, परत आला आणि पेटीत हात घातला.

"अहो!"

"पाकीट अखंडच टाकलं होतं गं. संध्याकाळी येऊन उचललं असतं मी," तो म्हणाला, आणि एकेक सिगारेट मोडायला लागला.