कोटांना ओळखणारी आत्या

माझी आत्या बावीस वर्षं एकाच लाँड्रीत, एकाच टेबलाशी बसते. आलेल्या प्रत्येक कपड्याला मालकाच्या नावाची चिठ्ठी टाचणं हे तिचं काम. चिठ्ठ्या कायम आपल्या भाषेत असायच्या. मागच्या वर्षी लाँड्री दुसऱ्या मालकाने घेतली आणि नव्या मॅनेजरने सांगितलं, महिन्याभरात चिठ्ठ्या इंग्रजीत लिहायला शिका, नाहीतर भट्टीच्या खोलीत जावं लागेल. आत्याला दमा आहे. भट्टीची वाफ तिला अर्धा तासही सोसत नाही.

मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली, त्यामुळे घरात इंग्रजीचा ठेका माझ्याकडे. त्याच संध्याकाळी मी वही आणि व्याख्या घेऊन बसले. सामान्यनाम म्हणजे त्या प्रकारच्या कुठल्याही वस्तूचं नाव, ते लहान अक्षराने सुरू होतं. विशेषनाम एकाच कुणाचं तरी, त्याचं पहिलं अक्षर मोठं. आत्याने मान डोलावली आणि दहा चिठ्ठ्या लिहिल्या. दहाही चिठ्ठ्यांवर कोट, चादरी, पडदे मोठ्या अक्षराने आणि माणसं लहान.

"आत्या, उलटं झालं."

"उलटं कसं? एकेक कोट वेगळा असतो. कुणाची कॉलर विरलेली, कुणाचा खिसा उसवलेला. मी ओळखते त्यांना. माणसं काय, काउंटरवर येतात नि जातात. मी एकाचंही तोंड पाहिलेलं नाही."

मी वहीत "मोठं अक्षर फक्त माणसांना" असं लिहून दिलं आणि पान उलटलं.

मालकी दाखवायला नावापुढे अपॉस्ट्रॉफी, म्हणजे वर लटकलेला स्वल्पविराम, आणि एस. हे मात्र तिला चटकन पटलं. "टाका घालायचा, एवढंच ना? आणि कोटालाही तोच, चादरीलाही तोच? बरं आहे की. आपल्याकडे चा, ची, चे सांभाळता सांभाळता जीव जातो."

मग घरभर सराव सुरू झाला. चष्म्यावर चिठ्ठी दिसली तेव्हा बाबा म्हणाले, "ताई, मला तेवढं टाचू नकोस."

"तुला केव्हाच तुझ्या बायकोच्या नावाने टाचलंय."

महिना संपला. मी रजा काढून लाँड्रीच्या दाराशी उभी राहिले. मॅनेजरने तीस कपड्यांचा गठ्ठा आत्यापुढे ठेवला आणि स्वतःच्या हातात यादी घेतली. एकोणतीस चिठ्ठ्या यादीशी जुळल्या. तिसावा पांढरा कोट, मालकाची जुनी खूण गळून पडलेला.

"हा चुकला, बाई. हा डॉक्टरीणबाईंचा."

"इंग्रजी चुकलं का?"

"इंग्रजी ठीक आहे. माणूस चुकला."

"माणूसही ठीक आहे. हा कंपाउंडरांचा. हे वरचं काज फाटलं होतं, मीच शिवलंय."

मॅनेजरने दवाखान्यात फोन लावला. फोन कंपाउंडरांनीच घेतला. त्यांचा कोट आठवडाभर आला नव्हता आणि डॉक्टरीणबाईंचा घातला की बाह्या कोपरापर्यंतच पोचत होत्या. मॅनेजरने फोन ठेवला, यादीत खाडाखोड केली आणि म्हणाला, "उद्यापासून याद्याही तुम्हीच तपासा. इथे बसूनच."

वाटेत आत्या म्हणाली, "तुझ्यामुळे वाचले गं."

खरं तर उलटं होतं. माझ्या कारखान्यात रोज दोनशे सर्किट बोर्ड तपासणीसाठी माझ्या हाताखालून जातात, सगळे सारखेच दिसतात, आणि मी ते तसेच पुढे सरकवत आले होते. त्या महिन्यापासून मी प्रत्येक बोर्ड उलटून बघते. तिने मला काय दिलं ते तिला सांगायचा प्रयत्न केला, पण ती भाजीच्या दुकानापाशी थांबली होती.

"काय पुटपुटतेस? पिशवी धर आधी."

मी पिशवी धरली.