दोघंच जायचं ठरलं होतं

अख्ख्या नगर जिल्ह्यात माझ्या मित्राच्या ओळखीचा नाही असा एकच माणूस उरला होता, आणि त्याचीही ओळख करून घ्यायला हा एकदा जामखेडला गेला. जेवूनच आला. मूळचा पारनेरकडचा, राहायला सावेडीत, हायस्कूलमध्ये गणिताचा मास्तर. कोथिंबिरीची जुडी आणायला जायचा आणि कोथिंबीर विसरून दोन माणसं घेऊन यायचा. एकदा त्याला कुणाचा तरी चुकून फोन लागला. दुसरा कुणी असता तर "राँग नंबर" म्हणून मोकळा झाला असता. यानं त्या गृहस्थाची तब्येत विचारली, गुडघ्यावर लेप सुचवला आणि पुढं त्याच्या मुलीच्या लग्नात मांडवाच्या दारात उभं राहून पाहुण्यांचं स्वागत केलं. रिक्षातून उतरला की रिक्षावाल्याला वर चहाला घेऊन यायचा. त्यामुळं त्याच्या सोसायटीखाली कायम एक-दोन रिक्षा उभ्या असत आणि नवख्या माणसाला तिथं रिक्षा-स्टँड आहे असंच वाटे.

हा सगळा चहा वहिनी करायच्या. त्यांची तक्रार चहाबद्दल नव्हती. "भावजी, लग्नाला सव्वीस वर्षं झाली," त्या मला म्हणायच्या, "पण आम्ही दोघंच असे कुठंही गेलेलो नाही. एकदासुद्धा." मी त्यांना महाबळेश्वरची आठवण करून दिली. लग्न झाल्या झाल्या ते तिकडं गेले होते. "गेलो होतो ना," वहिनी म्हणाल्या. "बरोबर ह्यांचे मामा-मामी होते. मामांनी महाबळेश्वर पाहिलं नव्हतं."

शेवटी वहिनींनी एक दिवस मागून घेतला. एकच दिवस, भंडारदरा, फक्त दोघं. मित्रानं देवासमोर उभं राहून कबूल केलं. ठरल्या दिवशी सकाळी त्यानं गाडी काढली. मी दुधाची पिशवी घेऊन कोपऱ्यावर उभा होतो. गाडी थांबली. "येतोस का?" मित्रानं विचारलं. आपल्याकडं हे विचारायचं असतं आणि समोरच्यानं "नको, तुम्ही व्हा पुढं" म्हणायचं असतं. मला हा रिवाज माहीत नव्हता असं नाही. पण धरण भरलंय असं ऐकलं होतं. मी दुधाच्या पिशवीसकट मागं बसलो. वहिनींनी आरशातून माझ्याकडं पाहिलं. ती नजर मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

संगमनेरला चहाला थांबलो तर तिथं एक म्हातारा-म्हातारी एसटीची वाट बघत बसले होते. "आमाला राजूरला जायचं हुतं," म्हातारा म्हणाला, "पन तुमची गाडी भरल्याली दिसती."

"कुठं भरलीय, आजोबा?" माझा मित्र म्हणाला. "तिघंच तर हाय आमी."

"लई बरं झालं," म्हातारी म्हणाली आणि माझ्या दुधाच्या पिशवीवर बसली.

राजूर आलं, पण कुणी उतरलं नाही. म्हातारीनंही धरण पाहिलेलं नव्हतं. तिथं पोचल्यावर वहिनी हळूच म्हणाल्या, "निदान फोटो तरी दोघांचा काढा." मित्रानं एका अनोळखी माणसाच्या हातात मोबाईल दिला. एक फोटो झाल्यावर त्याला त्या माणसाचं वाईट वाटलं, बिचारा एकटाच बाहेर राहिला म्हणून. त्यालाही आत घेतलं आणि मोबाईल दुसऱ्याला दिला. मग त्या दुसऱ्याचं वाईट वाटलं. शेवटच्या फोटोत अकरा माणसं आहेत आणि धरण दिसत नाही.

परतीच्या वाटेवर वहिनी बोलल्या नाहीत. "चिडली का रे ती?" त्यानं मला विचारलं.

"चिडल्या."

तो गाडी चालवत राहिला. मग वहिनींकडं न बघता म्हणाला, "पुढच्या वर्षी नक्की. दोघंच."

पुढचं वर्ष लागलं आणि एका सकाळी तो अचानक गेला. कुणाला हाक मारली नाही, कुणाला बरोबर घेतलं नाही. त्याच्या स्वभावाला हे अजिबात शोभलं नाही.

घरात माणसं मावेनात. जो तो वहिनींना सांगत होता, मास्तर माझे फार जवळचे होते. आणि वहिनींना एकटं सोडायचं नाही, असं आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. नवव्या दिवशी दुपारी त्या उठून उभ्या राहिल्या. "सगळ्यांनी जरा खाली जाऊन बसा," म्हणाल्या.

"वहिनी, तुम्ही एकट्या..." मी सुरुवात केली.

"एकटी कुठं? हे आहेत की." त्यांनी फोटोपुढची समई जरा सारखी केली. "मला ह्यांच्याशी बोलायचंय. आम्ही दोघंच."

यावेळी मी सगळ्यांच्या आधी उठलो. तीस-पस्तीस माणसं जिना उतरून पार्किंगमध्ये जाऊन उभी राहिली. वर दार लागल्याचा आवाज आला. अर्धा तास सगळे तसेच उभे होते.

मग वहिनी गॅलरीत आल्या. डोळे पुसलेले होते, आवाज नेहमीचा होता.

"या वर," त्या म्हणाल्या. "चहा ठेवलाय. हे म्हणतात, माणसं कधीची ताटकळलीत."