मार्शाला विचारलेला प्रश्न

भाग्यलक्ष्मीबाईंचं घर गोव्यातल्या केरीच्या किनाऱ्याला लागूनच. नवरा बाबाजी उभी हयात जहाजावर. संजनाला, एकुलत्या मुलीला, त्यांनी एकटीनंच वाढवलं. तो वारल्यावर त्यांनी मागची खोली परदेशी पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली.

गेल्या हिवाळ्यात मार्शा आली. पन्नाशीची, अबोल अमेरिकन बाई. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, पाव देऊन गेला की दोघी दारापुढच्या बलकांवात बसून खायच्या आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलायच्या. एकदा कळलं, ती सैनिक होती. इराकच्या युद्धात तेलाचा टँकर चालवायची.

"आणि मुलं?"

"एक मुलगी. मी गेले तेव्हा दोन वर्षांची होती."

भाग्यलक्ष्मीबाईंच्या तोंडून निघूनच गेलं, "एवढ्याशा पोरीला टाकून गेलीस? काळीज कसं झालं तुझं?"

मार्शानं हातातला पाव खाली ठेवला.

"नवराही सैन्यातच. माझ्याआधी तो जाऊन आला. गावानं बँड लावून त्याला घरी आणलं. मी आले तेव्हा जो तो हेच विचारत होता. कोर्टात त्याच्या वकिलानंही हेच विचारलं. मुलगी त्याच्याकडे गेली. आता ती माझा फोन उचलत नाही. आणि जुन्या सैनिकांच्या सोहळ्याला गेले, तर लोक विचारतात, तुझा नवरा कुठल्या तुकडीत होता?"

भाग्यलक्ष्मीबाईंना आपलंच घर आठवलं. संजनाच्या बारशालाही बाबाजी नव्हता. त्याला कुणी कधी जाब विचारला नव्हता. उलट तो सुट्टीवर आला की घर माणसांनी भरायचं.

मार्शा दोन दिवसांनी गोकर्णला निघून गेली. जाताना हसून हात जोडले तिनं. भाग्यलक्ष्मीबाईंनी तिची माफी मागायची, ती राहूनच गेली.

त्या संध्याकाळी त्यांनी डिचोलीला संजनाला फोन लावला. संजना नर्स. काही वर्षांपूर्वी तिला दुबईच्या इस्पितळात नोकरी लागली होती. "तुषारला तू सांभाळशील?" असं तिनं आईला विचारलं होतं. "पोराला सोडून जाणारी कसली आई?" म्हणून यांनीच तिला गप्प केलं होतं.

"संजना, अजून जायचं असेल तर जा गो. तुषारला मी बघते."



"ती जागा तेव्हाच भरली, आई. आता परत परीक्षा देऊन सगळं नव्यानं करायचं, ते बळ नाही माझ्यात. तू जेवलीस?"

रागावली असती तर बरं झालं असतं, असं भाग्यलक्ष्मीबाईंना वाटलं.