रुमालाखालचा हात

निपाणीत माझी तंबाखूची वखार होती आणि मी स्वतः उभा केलेला फुटबॉलचा संघ होता. त्यात पुढे खेळणारा एक गडी होता. गोल मारला तरी तो हात वर करत नसे. पोतं टाकून परतणाऱ्या हमालासारखा मान खाली घालून मैदानाच्या मधोमध परत यायचा. बोलणं ‘व्हय’ नाहीतर ‘न्हाय’.

बेळगावच्या कॅम्पातल्या क्लबाने त्याला बोलावलं, तेव्हा मी त्याला वखारीत बसवलं. आमच्या व्यापारात भाव तोंडाने सांगत नाहीत, रुमालाखाली बोटं धरून सांगतात. मी रुमाल टाकून त्याचा हात धरला.

“बोल रं, ऱ्हायाला काय घेशील?”

हात नुसता पडून राहिला. एक बोट हललं नाही. असा हात मला बाजारात कधी भेटला नव्हता.

“कोण काय बोललं काय तुला?”

“न्हाय, अण्णा. हितं खेळताना मला कोण अडवतच न्हाय.”

आणि गेला. तो राग घेऊनच मी बेळगावला त्याचा सामना बघायला गेलो. समोर गोऱ्यांची पलटण. बूट घातलेल्या एका धिप्पाड सोजिराने या अनवाणी गड्याला दोनदा आडवा केला. दुसऱ्यांदा तो धुळीत पडल्यापडल्या दात दिसेपर्यंत हसला. माझ्याकडे एवढे गोल मारले, पण हसला कधी नव्हता.

“हसतोस काय, ऊठ की रं,” मी ओरडलो.

शेजारच्याने विचारलं, “तुमचा कोण त्यो?”

“आमचा हाय,” मी म्हणालो, आणि माझाच मला राग आला.