आत काढून ठेवलेलं ताट

आमच्या मराठी मंडळाने यंदाच्या स्नेहसंमेलनाला ‘न्यूयॉर्क, शंभर वर्षांपूर्वी’ अशी थीम ठेवली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. हे आधीच सांगून टाकते, कारण हल्ली मंडळात माझी ओळख ‘रंगाचा बेरंग करणारी’ अशी झाली आहे. जर्मनीतल्या ब्योब्लिंगेनच्या आसपास राहणारे आम्ही सगळे गाड्यांच्या कंपन्यांत, नाहीतर आयटीत. दरवर्षी लावणी आणि बॉलिवूड करून कंटाळलो होतो. बायकांनी झालरीचे फ्रॉक आणि डोक्यात खोचायची पिसं मागवली, पुरुषांनी हॅट मागवल्या. सजावट समितीने पुठ्ठ्याचा माणसाएवढा सॅक्सोफोनवाला कापला. काळाकुळकुळीत, पांढरेशुभ्र दात, लाल जाड ओठ. तो मला पहिल्या दिवसापासून खटकत होता. “अगं, डेकोरेशन आहे ते!” असं म्हणून मला गप्प बसवलं गेलं.

खरा सॅक्सोफोनवाला मी आणणार होते. मी दर गुरुवारी ज्यांच्याकडे सॅक्सोफोन शिकते, ते माझे सर. अमेरिकन सैन्यातून इथल्या तळावर आले, जर्मन बाईशी लग्न केलं आणि इथेच राहिले. आता सत्तरी उलटली आहे. वर्णाने काळे, राहणीने एकदम टापटीप, रेशमी टायशिवाय घराबाहेर पडत नाहीत. सूर चुकला की तोंडावर सांगतात, गोड बोलणं त्यांना जमतच नाही. मी ‘सर’ म्हटलं की हसतात आणि म्हणतात, सर आम्ही सैन्यात साहेबांना म्हणायचो.

त्यांचे आजोबा त्या जॅझच्या काळात एका बड्या हॉटेलच्या बँडमध्ये वाजवायचे. माझ्या शिकवणीचा निम्मा वेळ या आजोबांनीच खाल्ला आहे. तेव्हा अमेरिकेत दारूबंदी होती, त्यामुळे हॉटेलातले गोरे लोक चहाच्या कपातून दारू प्यायचे आणि आजोबांच्या वाजवण्यावर पहाटेपर्यंत नाचायचे. आजोबा मात्र त्या हॉटेलात मागच्या दाराने शिरायचे, भटारखान्यात उभ्या उभ्या जेवायचे आणि झोपायला गावाच्या दुसऱ्या टोकाला जायचे. त्यांच्या रंगाच्या माणसाला तिथे खोली मिळत नसे. टाळ्या समोरून आणि ताट मागे, असं सर म्हणतात.

हे सगळं मी मंडळाच्या मीटिंगमध्ये सांगितलं होतं. आणखी एक गोष्टही सांगितली होती. त्याच वर्षांत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आपल्या लोकांनाही ‘तुम्ही गोरे नाही’ म्हणून नागरिकत्व नाकारलं आणि ज्यांना आधी मिळालं होतं, त्यांच्यातल्या कित्येकांचं काढूनही घेतलं गेलं. सगळ्यांनी गंभीरपणे माना हलवल्या. बोलण्यात जर्मन शब्द पेरणारे आमचे सेक्रेटरी म्हणाले, “गेनाऊ, अगदी बरोबर! निवेदनात घे हे.” एका घरमालकाने नुसतं आडनाव वाचून फ्लॅट नाकारला, ही स्वतःची गोष्ट या गृहस्थांनी आम्हाला इतक्यांदा ऐकवली आहे की आमच्या मुलांनाही ती पाठ आहे. मला वाटलं, यांना तरी कळलं असेल. आणि मी सरांना शब्द दिला, की तुम्ही आमचे पाहुणे म्हणून या.

ते आले. जेवणाआधी तासभर वाजवलं. माझ्या सासूबाई पुण्याहून आमच्याकडे आल्या होत्या. त्यांना इंग्रजी येत नाही आणि जॅझ हा शब्दही त्यांनी इथेच ऐकला. पण शेवटच्या संथ तुकड्याला त्यांनी डोळे मिटून घेतले. सगळा हॉल उभा राहिला. जेवणानंतर दुसरा भाग होता आणि त्यात एक तुकडा मी सरांबरोबर वाजवणार होते, आयुष्यात पहिल्यांदा चार लोकांसमोर.

जेवायला बसलो. टेबलांवर नावांच्या चिठ्ठ्या होत्या. माझ्या शेजारी सरांची खुर्ची ठेवा असं मी बजावलं होतं, तर तिथे भलतंच कुणीतरी बसलेलं. मी इकडेतिकडे पाहत होते, तेवढ्यात सासूबाईच म्हणाल्या, “अगं, ते वाजवणारे कुठे दिसत नाहीत? उपाशी ठेवलंत की काय?”

मी सेक्रेटरींना विचारलं. “त्यांचं ना? आत काढून ठेवलंय. कलाकारांचं आतच असतं,” ते श्रीखंड वाढून घेत म्हणाले.

आत म्हणजे हॉलच्या किचनमध्ये. मसालेभाताचं पातेलं आणि भांडी धुण्याचं मशीन यांच्यामध्ये, बिअरच्या उलट्या क्रेटवर सर बसले होते. मांडीवर कागदी ताट, टायला डाग पडू नये म्हणून गळ्याशी खोचलेला रुमाल. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तशीच सेक्रेटरींकडे परत गेले.

“मागच्या वर्षी पुण्याहून गायक आले होते, त्यांना अध्यक्षांच्या शेजारी बसवलं होतंत. ताटाभोवती रांगोळी काढली होतीत. ते कलाकार नव्हते?”

“आल्झो, म्हणजे, ते वेगळं गं. ते आपले. आणि ह्यांना आपलं तिखट चालेल, न चालेल, सगळ्यांसमोर अवघडल्यासारखं झालं असतं.”

“विचारलंत त्यांना?”

“मुद्दाम थोडंच केलंय कुणी?”

मुद्दाम नाही! याचाच मला सगळ्यांत संताप आला, अजून येतो. मुद्दाम करणाऱ्याशी भांडता तरी येतं. इथे कुणाच्या डोक्यात क्षणभर काही आलंच नव्हतं. काळा माणूस वाजवायला आला, त्याचं ताट आपोआप आत गेलं.

हे बोलणं ऐकून माझ्या नवऱ्याने मुकाट्याने आपली खुर्ची रिकामी केली. मी आत जाऊन सरांना म्हटलं, चला, बाहेर जागा आहे.

“भात छान झालाय,” सर म्हणाले. त्यांनी रुमाल काढून त्याची नीट घडी केली. “आता मी बाहेर आलो की सगळे सॉरी म्हणतील आणि मला हसून म्हणावं लागेल, काही हरकत नाही. माझे आजोबा जन्मभर तेच म्हणाले. माझी हरकत आहे.” मग त्यांनी सॅक्सोफोनची पेटी उघडली. “जिथे जेवलो, तिथेच वाजवणार. ज्याला ऐकायचंय, त्याने इथे यावं.”

मी बाहेर जाऊन माइकवर हे शब्दाला शब्द सांगितलं. काही जण हसले, त्यांना तो कार्यक्रमाचा भाग वाटला. सेक्रेटरींनी माझ्या हातातून माइक घेतला आणि थोडा टेक्निकल प्रॉब्लेम आहे, असं जाहीर केलं. सासूबाई उठल्या. स्वतःचं ताट घेऊन आत आल्या, दुसऱ्या क्रेटवर बसल्या आणि सरांना चक्क मराठीत म्हणाल्या, “हं, वाजवा.” त्यांच्यामागून माझा नवरा आला, आणि हॉलची देखभाल करणारा जर्मन हाउसमाइस्टर दारात उभा राहिला. बाकी एकही माणूस आला नाही.

सर वाजवू लागले. माझा तुकडा आला तेव्हा रागाच्या भरात माझा दोनदा सूर चुकला. पहिल्यांदाच ते काही बोलले नाहीत. मध्येच भिंतीपलीकडून धडधड ऐकू यायला लागली. बाहेर कुणीतरी स्पीकरवर जॅझची प्लेलिस्ट लावली होती.

सरांना गाडीपर्यंत सोडायचं होतं, म्हणून मी किचनचं दार उघडलं. हॉलमध्ये सगळे नाचत होते. आमच्या टेबलापाशी फोटोसाठी रांग लागली होती. नवऱ्याने सरांसाठी रिकाम्या केलेल्या खुर्चीला तो पुठ्ठ्याचा सॅक्सोफोनवाला टेकवून ठेवला होता आणि कुणीतरी हौसेने त्याच्यापुढे श्रीखंडाची वाटी मांडली होती.