साफ न केलेले रिव्हॉल्व्हर

ती घटना आठवू नये म्हणून मी पुष्कळ प्रयत्न केला. ती रोज आठवते.

सातपुड्याच्या पायथ्याशी, संग्रामपूर तालुक्यात, मी तेव्हा एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. एक तरणा बागायतदार आत आला आणि ठाणे अंमलदारासमोर उभा राहिला. सदऱ्यावर रक्त होते. म्हणाला, "माह्या हातून मोठा भाऊ मेला. रिवालवर साफ करून राह्यलो होतो. सुटली गोळी."

थोरल्या भावाची संत्र्याची मोठी बाग होती, गावात वजन होते. त्याला स्वसंरक्षणासाठी परवाना मिळाला होता आणि आदल्या संध्याकाळीच नवे रिव्हॉल्व्हर घरात आले होते. आम्ही पोहोचलो तेव्हा तो खोलीच्या दारात पडलेला होता. हत्यार खाटेवर होते. त्याची बायको विहिरीवरून आवाज ऐकून धावत आली होती. त्यांची सहा वर्षांची मुलगी शेजारणीच्या मांडीवर होती. ती रडत नव्हती.

पंचनामा केला, धाकट्याचा जबाब घेतला. तो सांगत होता, "दुकानदार म्हणला होता, पहिली गोळी झाडायच्या आंधी साफ करून घ्या. भाऊ म्हणे, नव्या कोऱ्या वस्तूले काय साफ करा लागते? म्हणून मीच बसलो साफ कराले."

हयगयीने मृत्यू, असा गुन्हा दाखल झाला. दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या फोनवर एक आवाज आला. "साहेब, साफसफाईचं खोटं हाय. दोघा भावायचं धुऱ्यावरून भांडण होतं. मुद्दाम मारलं त्यानं." नाव विचारताच फोन बंद झाला. चौकशी केली. बांधावरचे भांडण खरे निघाले. मयताची बायकोही म्हणाली, "त्याले सोडू नका. बाग पायजे होती त्याले."

कारखान्यातून आलेल्या हत्याराला ते गंजू नये म्हणून जाड ग्रीस लावलेले असते. पोलीस खात्यातही नवे हत्यार आले की ते ग्रीस काढल्याशिवाय पहिली गोळी झाडत नाहीत, आणि साफ करायला घेण्याआधी ते रिकामे करतात. इथे खोक्यातला ब्रश आणि कापड पाकिटातून बाहेरही आले नव्हते, हे पंचनाम्यातच नोंदवले होते. पुढे प्रयोगशाळेचा अहवाल आला. नळीतून गोळी गेली तेवढे सोडून ग्रीस जसेच्या तसे होते. ते हत्यार साफ करायला कोणी घेतलेच नव्हते.

मी धाकट्याला समोर बसवले. "साफ कशाने केलेस?"

"फडक्यानं."

"ब्रशचे पाकीट बंद आहे. ग्रीस तसेच आहे. तू खोटे सांगितलेस."

त्याने मान खाली घातली. मग एकदम म्हणाला, "हाव. मारलं मी त्याले. धुऱ्यासाठी. घ्या लिहून."

खोटे पकडले गेले की माणूस आपला गुन्हा लहान करायला दुसरे खोटे बोलतो, हे मी शेकडो वेळा पाहिले होते. हा गुन्हा मोठा करत होता.

मी त्याच्या हातात टेबलावरचा रूळ दिला. "कसे मारलेस, दाखव." त्याने खांद्याइतका हात उचलला. चांगला उंच माणूस होता. शवविच्छेदनात मात्र गोळी पोटात शिरून वर काळजाकडे गेलेली होती. मी माझा हात मांडीजवळ धरला आणि विचारले, "गोळी इथून सुटली. एवढ्या उंचीचे तुमच्या घरात कोण आहे?"

तो खुर्चीवरून उतरला आणि त्याने माझे पाय धरले. "साहेब, तिचं नाव कागदावर घेऊ नका. मले फाशी द्या."

मग सगळे बाहेर आले. थोरल्याने रिव्हॉल्व्हर साफ न करताच भरले होते. बागेत जाऊन पहिली गोळी झाडायची हौस होती. घोडा मागे ओढून पाहत असताना बाहेरून कोणीतरी हाक मारली. चाप नुसता दाबला तरी सुटेल असे ते तसेच खाटेवर ठेवून तो गेला. परत आला तेव्हा ते मुलीच्या दोन्ही हातांत होते. गोळीचा आवाज ऐकून धाकटा अंगणातून धावला, हत्यार काढून घेतले आणि भावाला पाहण्याआधी मुलीला म्हणाला, "तुह्या हातून नाही झालं. काकाच्या हातून झालं."

सात वर्षांखालच्या मुलाचे कृत्य कायद्याने गुन्हा ठरत नाही. पण तिचा जबाब घेतल्याशिवाय खुनाच्या संशयातून तो माणूस सुटत नव्हता. आमच्या एक महिला हवालदार साध्या साडीत तिच्या घरी गेल्या. आई मुलीच्या पाठीवर हात ठेवून बसली होती. मी दाराशी उभा होतो.

"बाबाले भेव दाखवाले धरली मी," मुलगी म्हणाली. मग तिने विचारले, "काका म्हणते, मी नाही केलं. मंग मले काऊन आठवते?"

आईने तिच्या पाठीवरचा हात काढून घेतला. उठली आणि आत गेली.

न्यायालयाने धाकट्याला मुक्त केले. आवारात तो मला भेटला. आभार मानले नाहीत. म्हणाला, "मी आत गेलो असतो तं पोरगी घरात राह्यली असती." आईने तिला मेहकरकडे मामाच्या गावी पाठवले होते. पोरीचे तोंड पाहिले की मला दुसरे काही दिसत नाही, असे ती म्हणायची. काका भेटायला जात राहिला. मुलगी बाहेर यायची नाही. "काका खोटं बोलला," एवढेच मामीला सांगायची. पुढे त्याने जाणे सोडले.

खरे शोधून काढले की कोणाचे तरी भले होते, असे मी नोकरीभर समजत आलो. त्या तपासात चूक नव्हती. वरिष्ठांनी चांगला शेरा दिला, निरपराध माणूस सुटला. कुठे दुसरे काही करता आले असते का, हे मी पुष्कळदा तपासून पाहिले. सापडले नाही. ते प्रकरण पुन्हा माझ्यासमोर आले तर मी तेच करीन, आणि त्या घराचेही पुन्हा तेच होईल.