तिसरी किल्ली

संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये आमच्यासाठी एक चोरदरवाजा ठेवा, म्हणून सरकारं कंपन्यांच्या मागे लागतात, असं परवा माझा भाचा सांगत होता. कुणाला कळणार नाही आणि वापर फक्त चोर धरायला, असं म्हणे. मी म्हटलं, बाबा, हे मला नको शिकवूस. आमच्या घरात हे होऊन गेलंय.

कोल्हापुरात आमच्या अब्बांचा तिजोऱ्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणायचं आपलं. पत्र्याची शेड, एक भट्टी आणि चार कारागीर. तिजोरीच्या दारावर लक्ष्मी रंगवायचं काम माझं. मुसलमानाच्या लेकीनं काढलेली लक्ष्मी गुजरीतल्या सराफांपासून गडहिंग्लजच्या व्यापाऱ्यांपर्यंत सगळ्यांकडे होती, आणि कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. फक्त एका म्हाताऱ्यानं लक्ष्मी जरा जास्तच हसतेय अशी तक्रार केली होती.

तिजोरी ताब्यात देताना अब्बांची एक रीत होती. किल्ल्या दोनच. ज्या पितळी साच्यावरून त्या घासल्या, तो साचा ऐरणीवर ठेवायचा आणि गिऱ्हाइकाच्या घरातल्या कर्त्या माणसाच्या हातात हातोडा द्यायचा. त्यानं साचा ठेचून चपटा केला की सगळ्यांना गूळ वाटायचा. "आता ही मला बी उघडणार न्हाय," असं अब्बा म्हणायचे. लोक आमच्याकडे यायचे ते या एका वाक्यासाठी.

आणीबाणीत एक साहेब आला. कुठल्या खात्याचा हे अब्बांनी विचारलं नाही. तेव्हा विचारायची सोय नव्हती. चहा पिऊन झाल्यावर गोड आवाजात म्हणाला, यापुढं प्रत्येक तिजोरीची एक किल्ली आमच्याकडे. गिऱ्हाइकाला सांगायचं नाही. काळा पैसा बाहेर काढायचाय, देशाचं काम आहे.

"साहेब, माझा धंदाच इश्वासावर हाय," अब्बा म्हणाले.

"आणि पत्रा?" साहेब हसला. "तो परमिटावरच मिळतो ना?"

पत्रा बंद म्हणजे आमच्यासकट कारागिरांच्या चुली बंद. अब्बांनी मान डोलावली. मला त्यांचा राग आला, आणि खरं सांगते, आजही येतो. तिसरी किल्ली घासली एवढ्याचा नाही. ती घासून ठेवल्यावरही त्यांनी रीत तशीच चालू ठेवली, त्याचा. हातोडा द्यायचा, साचा ठेचून घ्यायचा, गूळ वाटायचा. तो गूळ मीही खाल्ला.

त्याच दिवसांत मुरगूडचे दोघे भाऊ तिजोरी घ्यायला आले. एकत्र कुटुंब, ऊस आणि म्हशी. थोरल्यानं असा काही हातोडा घातला की साचा उडून भट्टीपाशी पडला. "दादा, ऐरण ऱ्हाऊ दे मिस्त्रीला," असं म्हणून धाकटा पोट धरून हसला. एक किल्ली थोरल्याच्या करगोट्याला गेली, दुसरी धाकट्याच्या.

पुढं साहेबाची बदली झाली. किल्ल्यांचा जुडगा नव्या साहेबाकडे गेला, शिपायाकडे राहिला की कुणी विकला, देव जाणे. अब्बा चौकशीला गेले तर "कसल्या किल्ल्या?" एवढंच उत्तर मिळालं.

नंतर एके दिवशी ते दोघे भाऊ पुन्हा आमच्या दारात. घरची सगळी नृसिंहवाडीला दर्शनाला गेली होती. परत येऊन बघतात तर कुलूप शाबूत, दाराला ओरखडा नाही, आणि आत आईच्या पाटल्या नाहीत. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते.

"मिस्त्री, खरं सांगा," थोरला म्हणाला. "तिसरी किल्ली हाय का?"

मी लक्ष्मीच्या पदराला काठ काढत होते.

"साचा तुमीच ठेचला की, पावणं," अब्बा म्हणाले.

त्यात एक शब्दही खोटा नव्हता. दोघं उठले आणि एकमेकांपासून अंतर ठेवून रस्त्याला लागले. किल्ल्या दोनच, आणि त्या दोघांच्याच कमरेला. मग चोर कोण, हे प्रत्येकानं आपल्यापुरतं ठरवून टाकलं होतं.

थोड्याच दिवसांत त्यांच्या वाटण्या झाल्याचं कानावर आलं. घराच्या मधोमध भिंत घातली म्हणे. मी अब्बांच्या मागे लागायची, मुरगूडला जाऊन या, सांगून टाका. ते म्हणायचे, "एकाला सांगितलं म्हंजे समद्यांना सांगितलं. किती घरात आपल्या तिजोऱ्या हायती, बेटा?" मग आणीबाणी उठली, सरकार बदललं. साहेबाला भ्यायचं कारण उरलं नाही, तरी अब्बांचा पाय उचलेना. आता त्यांना लोकांना तोंड दाखवायची भीती होती. माझं लग्न झालं, मूल झालं, तरी माझं टुमणं चालूच.

शेवटी मीच त्यांना यष्टीत बसवून घेऊन गेले. धाकट्याच्या अर्ध्या घरात बसून अब्बांनी सगळं सांगितलं. साहेब, परमिट, तिसरी किल्ली, काही लपवलं नाही. धाकटा अंगावर धावून येईल असं मला वाटलं होतं. आला असता तर बरं झालं असतं. तो नुसता ऐकत राहिला.

"थोरल्या पावण्यांना बी बोलवा," अब्बा म्हणाले. "त्यांची बी माफी मागायची हाय."

"दादा गेल्या सालीच गेला."

धाकट्यानं मधल्या भिंतीकडे मान वळवली.

"हितं बसून समद्यांचं रडणं ऐकलं, मिस्त्री," तो म्हणाला. "पन चोराच्या मातीला कशाला जायचं म्हणून मी गेलो न्हाय."